फुकट आहे म्हणून

"त्या दुकानात मी पाऊलही ठेवणार नाही," असं मी मृणालला वर्षापूर्वी सुनावलं होतं. आमच्या लाडक्या गेमचा दुसरा भाग फक्त त्याच ऑनलाइन दुकानात मिळणार होता आणि ही अडवणूक मला मान्य नव्हती. तिने मात्र पहिल्याच दिवशी तो घेतला. मी तिला फितूर म्हणाले आणि आमचं बोलणंच तुटलं.

आज त्या दुकानाने तोच गेम फुकट वाटायला काढला. दुपारभर घरात येरझाऱ्या घालून शेवटी मी खातं उघडलं, गेम उतरवला आणि मृणालला सोबत खेळायची विनंती पाठवली. तिने लगेच मला गेममधल्या तिच्या बेटावर घेतलं.

"फुकट आहे म्हणून आलेय," मी हेडफोनवर आधीच सांगून टाकलं.

"बरं. आधी तुझं घर बघ."

तिच्या झोपडीशेजारी आणखी एक झोपडी होती, दारावर माझं नाव होतं. अंगणात मिरच्या लालभडक पिकल्या होत्या.

"या कधी लावल्यास?"

"गेम घेतला त्याच दिवशी. एक दिवस पाणी चुकलं तर इथलं झाड मरतं, बाई. उद्यापासून तू घालायचंस."