चाळीस डब्या मलम

“कुठल्या डबीत औषध आणि कुठल्या डबीत नुसतं मलम, हे माझ्या सावलीलासुद्धा कळणार नाही!” फिजिओबाईंनी भर वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं.

बाईंनी सोळा वर्षं लोकांचे गुडघे दाबले होते. आता त्यांचे अंगठे सकाळी चहाचा कप उचलतानाही कुरकुरायचे. मास्टर्स झालं की शिकवायची नोकरी, आणि शिकवताना फार तर खडू धरावा लागतो, एवढंच त्यांचं स्वप्न. पण आरोग्यशास्त्राच्या मास्टर्सला डिप्लोमावाल्यांना थेट घेत नाहीत. आधी वर्षभर पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, आणि त्याच्या शेवटी स्वतःचा एक प्रयोग. तो बुडाला की वर्ष बुडालं. बाईंची अभ्यासरजा याच वर्षापुरती होती. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा गुडघे.

प्रयोग तसा साधा होता. गुडघेदुखीचे चाळीस पेशंट. विसांना औषध घातलेलं मलम, विसांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. डब्या सारख्या, वर फक्त नंबर. डब्या भरणार दवाखान्याचा फार्मासिस्ट, आणि कुणाला काय दिलं याची यादी बंद पाकिटात, त्याच्याच कपाटात. पेशंटला माहीत नाही, गुडघा किती वळतो ते मोजणाऱ्या बाईंनाही माहीत नाही. याला आंधळा प्रयोग म्हणतात, आणि बाईंनी तो भलताच मनावर घेतला. फार्मासिस्ट डब्या घेऊन आला आणि “ताई, त्या मलमाचं जरा...” एवढंच म्हणाला, तर बाईंनी दोन्ही कान झाकले.

“एक अक्षर बोलू नका! पाकीट फोडेपर्यंत मला काही म्हणजे काही सांगायचं नाही.”

तो बिचारा आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा बाई कानांवर हात ठेवून जिन्यापर्यंत पळाल्या.

सावलीचं राहू द्या, पहिल्याच आठवड्यात दवाखान्याबाहेरच्या बाकड्याला सगळं कळलं.

“माझं कसं झणझणतं! औषधच आहे ते,” शिंपीकाका मांडी थोपटत म्हणाले.

“माझं मेलं थंडगार. आपल्या वाट्याला कधी काही धड आलंय का?” शेजारच्या आजींनी सुस्कारा सोडला.

झालं. झणझणणाऱ्या डब्यांना भाव आला. लोक एकमेकांच्या डब्यांत बोटं घालायला लागले. एक नवराबायको मिळून पेशंट होते, त्यातल्या नवऱ्याने बायकोची डबीच ढापली. “तीस वर्षं घरात हिचंच चालतंय, आता मलमसुद्धा हिचंच भारी?” तो बाईंनाच विचारायला लागला.

पुढचे आठ आठवडे बाई दारोदार फिरल्या. ज्याची डबी त्याच्या हातात द्यायची, शपथ घालायची, गुडघा मोजायचा, वहीत मांडायचं, की पुढचं घर. “काका, तुमचीच डबी लावा हो, पाया पडते,” हे वाक्य त्या झोपेतही बोलायला लागल्या, असं त्यांच्या मुलीचं म्हणणं. त्यातून मार्गदर्शक म्हणजे तरीपण सर. काहीही दाखवा, सर मान डोलवून “छान आहे, तरीपण...” म्हणायचे आणि त्यापुढे आठवड्याभराचं काम निघायचं.

नवल म्हणजे गुडघे सुधारत गेले. शिंपीकाकांचा सुधारला, थंडगार मलमवाल्या आजींचाही सुधारला. असं कसं, याचा विचार करण्याइतकं त्राण बाईंत उरलं नव्हतं. त्यांनी नुसते आकडे लिहिले.

शेवटच्या दिवशी साडेचारला सरांच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाकीट फोडलं. आत यादी नव्हती. एक चिठ्ठी होती. ‘औषध आले नाही. मागणीचा कागद सहीसाठी अडकला आहे. सर्व डब्यांत नुसते मलम भरले आहे.’

बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. फार्मासिस्टला बोलावलं.

“अहो, सांगायचं नाही का?”

“तीनदा आलो होतो, ताई. तुम्ही पळालात.”

बाईंच्या डोळ्यांपुढे चाळीस गुडघे ओळीने उभे राहिले. आणि त्यांच्यामागे आणखी कितीतरी. पुढच्या वर्षीचे, त्याच्या पुढच्या वर्षीचे.

तरीपण सर मात्र वही चाळत होते. चाळता चाळता त्यांचे डोळे मोठे झाले. “बाई, हे तर जास्त भारी आहे! आत काही नसताना चाळीस गुडघे वळले. झणझणलेसुद्धा! हेच लिहा शेवटी. पास आहात तुम्ही.” बाई वाट बघत राहिल्या. ‘तरीपण’ आलंच नाही. सरांनी गुणपत्रकावर सही ठोकली.

पत्रक पाचच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत द्यायचं होतं. मार्गदर्शकाने, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कुणाकडून घेत नाहीत, आणि पाचनंतर दिलं तर वर्ष गेलंच.

“वीस मिनिटं आहेत सर,” बाई म्हणाल्या. “आणि लिफ्ट नाही.”

“लिफ्ट कशाला? हल्ली मी दोन-दोन पायऱ्या चढतो. तुमच्या प्रयोगातली एक जादा डबी मी ह्यांच्या कपाटातून गुपचूप... काय झणझणतं हो ते...”

सर बोलता बोलता थांबले. त्यांनी फार्मासिस्टकडे बघितलं.

“जादा डबीत पण?”

“नुसतंच, सर.”

सर टेबलाला धरून उठले. गुडघा कटकन वाजला.

पाच वाजता तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद झाली. सर तेव्हा गुणपत्रक हातात घेऊन चौथ्या पायरीवर बसले होते.