पोळ्याच्या रंगाचा कॅमेरा

रविवार, ५ सप्टेंबर १९४८. सकाळी सव्वादहाला कळंबहून आलेली मोटार करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर थांबली. निजामाचं राज्य इथं संपत होतं. पुढं बार्शीला जायचं तर हद्द पायी ओलांडून पलीकडचा टांगा धरायचा. सतरा उतारू होते. सगळ्यांना सामानासकट उन्हात रांगेत उभं केलं. लिंबाखाली दोन बंदूकवाले बसले होते.

रांगेत पाचवा माणिकप्पा. कळंबात त्याचं फोटोचं दुकान होतं. मागं त्याची बायको जगदेवी. तिच्या पिशवीत भाकरी, एक लुगडं आणि डबा कॅमेरा. नाक्यावर कॅमेरे काढून घेत होते आणि कॅमेरेवाल्यालाही ठेवून घेत होते. म्हणून दोन दिवसांपूर्वी, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग जगदेवीनं त्या काळ्या डब्याला फासला होता. पिवळा डबा, गुलाबी कडा, भिंगाभोवती हिरवं कडं. आत निजामाच्या माणसांनी जाळलेल्या एका गावाचे सात फोटो होते. बार्शीत निजामाविरुद्ध लढणारी चार माणसं त्यांची वाट पाहत होती.

नाकेदारानं पिशवीत हात घालून डबा वर काढला.

"हे काय?"

"खेळणं हाय, साहेब. भाचीला," जगदेवी म्हणाली.

मागून कोंडाबाई वाकून बघू लागली. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली ही म्हातारी कळंबपासून सारखी बोलत होती.

"अगं बया, लई झ्याक! आमचा ढवळ्या बी परवा एवढा नटला न्हवता."

दोघंतिघं हसले. नाकेदार हसला नाही. त्यानं डबा हातात फिरवला.

"कॅमेरा काळाच पायजे," तो म्हणाला. "काळा बघितला की माणूस भितो, सरळ बसतो. ह्याला कोण भिणार?"

"म्हणूनच तर, साहेब. पोरीनं भिऊ न्हाय."

डब्याच्या पाठीला एक बारीक लाल काच होती. नाकेदारानं डोळा बारीक करून तिच्यात पाहिलं. मग अंगठा कडीवर ठेवला.

"उन्हात उघडू नका!"

आवाज आपला होता हे माणिकप्पाला नंतर कळलं. दुकानात कुणी कॅमेऱ्याला हात लावला की तो हेच ओरडायचा. आज गप्प राहिला असता तर फोटो गेले असते आणि तो कदाचित सुटला असता.

"खेळण्याला उन्हाचं काय?" नाकेदारानं हळूच विचारलं.

लिंबाखालच्या एका बंदूकवाल्यानं मान वर केली.

"आत फोटो हायत," माणिकप्पा म्हणाला. "लग्नाचे. चुलतभावाच्या."

"कधी झालं लग्न?"

"गेल्या आठवड्यात."

"ह्या दिवसांत कुठं लगीन असतंय, बाबा?" कोंडाबाई बोलून गेली आणि तिनं पदर तोंडावर दाबला.

जगदेवी पुढं सरकली. "त्ये भेल्यात, साहेब. काय बी बोलतेत. बैलांचे हायत. पोळ्याला पाटलानं आपल्या बैलांचे काढून घेतले. रंग बी तिथलाच."

नाकेदारानं गुलाबी कडेवर नख ओढलं, नखातला रंग हुंगला.

"शिंगांचाच हाय," तो म्हणाला. मग लिंबाकडं एक नजर टाकून त्यानं आवाज उतरवला. "काचेत आठचा आकडा दिसतोय. कशाचा?"

"सात झाले. एक ऱ्हायलाय," माणिकप्पा म्हणाला.

"माझा काढ."

माणिकप्पाला कळेना.

"घरची माणसं बीदरला धाडलीत. त्यांच्याकडं माझा फोटो न्हाय. हितं कधी काय हुईल..." नाकेदारानं वाक्य सोडून दिलं. टोपी सरळ केली आणि चौकीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

माणिकप्पानं डबा पोटाशी धरला.

"हलू नका, साहेब."

"मी हलत न्हाय. तू हलतोयस."

खटका दाबला गेला. नाकेदारानं डबा परत घेऊन जगदेवीच्या हातात दिला.

"बाई, तू जा. फोटो करून दिवस मावळायच्या आत आण. तवर ह्यो हितं बसंल."

"आणते, साहेब."

"बैलांचे बी आण. सातच्या सात. मला बैल बघायचेत."

तो हसत नव्हता. रागावलेलाही दिसत नव्हता. माणिकप्पा चौकीपुढच्या बाकावर जाऊन बसला. जगदेवीनं भाकरी त्याच्या मांडीवर ठेवली आणि मागं न बघता हद्द ओलांडली.

दुपारी अडीचला बार्शीच्या फोटोवाल्यानं आठ फोटो टेबलावर ठेवले. सात स्वच्छ होते. जळकी घरं, मोडलेली गाडी, विहिरीच्या काठावर ओळीनं ठेवलेली माणसं. आठव्यात नाकेदार हलला होता, पण ओळखू येत होता. वाट पाहणाऱ्या चौघांनी सात फोटो उचलले. जगदेवीच्या पाया पडले आणि गेले.

ती तिथंच उभी राहिली.

"तुमच्याकडं बैलांचे फोटो हायत का?" तिनं फोटोवाल्याला विचारलं. "कुणाचे बी. रंगवलेल्या शिंगांचे."

त्यानं सगळे खण उपसले. बाजाराचे, प्रदर्शनाचे, एका बागायतदाराच्या गोठ्याचे. पाच निघाले. त्यांतल्या दोन फोटोंत तोच एक बैल होता.

टांगेवाल्यानं तिला हद्दीच्या खांबापाशी सोडलं तेव्हा पावणेपाच झाले होते. पाकिटात पाच बैल आणि एक नाकेदार घेऊन ती चालत गेली. घोड्याला पाणी पाजून टांगा वळवताना टांगेवाल्यानं मागं पाहिलं. ती बाई चौकीपुढच्या बाकासमोर उभी होती. बाकाच्या एका टोकाला एक माणूस मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या टोकाला नाकेदार पाकिटातले फोटो एकेक करून फळीवर मांडत होता.