सूनरडव्या

आंदीजच्या डोंगरातल्या त्या गावात गाठाळ बटाट्याला ‘सूनरडव्या’च म्हणतात, एकही गाठ न मोडता सोलेल ती खरी सून. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना इंकांच्या जुन्या पायऱ्यांवरून चार दिवस वाट दाखवत न्यायला फेलिपा सकाळीच टायरच्या चपला घालून तयार झाली, तशी सासूने टोपलीभर सूनरडवे तिच्यापुढे ओतले. “आधी सोल. गाठ मोडली तर घरीच बसायचं. नवी सून होते तेव्हा मी नाही सोलताना रडत बसले?” “मग आता बटाट्यांना रडू द्या, आत्याबाई!” फेलिपाने सगळे सालीसकट उकळत्या पातेल्यात टाकले. पाहुण्यांनी न्याहारीला ते मिटक्या मारत खाल्ले. “सोललेच नाहीस!” सासू कडाडली. “पायऱ्या बांधणाऱ्यांनी डोंगर सोलला होता? गाठीगाठींवरूनच वाट काढली!” म्हणत ती निघाली. पहिल्या वळणावर तिने मागे पाहिलं. सासू दारात सालीसकट बटाटा चावत होती. “मीठ कमी पडलंय गं, फेलिपे!”