बरणीची झिलई

अंबूताईंच्या लोणच्याच्या बरणीची झिलई अशी, की त्यांचे यजमान शेषगिरीअण्णा तिच्यात बघून दाढी करायचे. खोटं वाटेल, पण एकदा मीही तिच्यात बघून भांग पाडलाय.

हुबळीच्या नव्या फ्लॅटमध्ये सून दीपश्रीने लोणचं प्लास्टिकच्या डब्यात ओतलं. बरणी घासूनपुसून हॉलमधल्या काचेच्या कपाटात मांडली आणि वर पिवळा दिवा लावला.

परवा तिच्या मैत्रिणी आल्या.

"अय्यो, काय चकाकतेय ग! कुणाची?"

दीपश्रीने उसासा सोडला. "सासूबाईंची. जाताना तेवढी एकच आठवण मागे ठेवून गेल्या बघ."



स्वयंपाकघरातून अंबूताईंचा आवाज आला, "दीपश्री, चहा झालाय ग. मी बाहेर आणू, की तूच नेतेस?"