निंबाचं पाणी

"डोये मीट. निंबाचं पाणी झोंबते," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि हर्षलने मुकाट्याने डोळे मिटले. चांगला मिशीवाला, संसारी माणूस, पण ओसरीत आईच्या मांडीवर डोकं टेकून लहान लेकरासारखा पडला होता. त्याच्या तुळतुळीत डोक्यावर लाल पुळ्या उठल्या होत्या. काही पिकल्या होत्या. सरस्वतीबाई तांब्यातलं कोमट पाणी फडक्याने टिपत होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको समीक्षा हे बघून मनातल्या मनात चडफडत होती.

सासरे गेले, दहाव्याला नदीवर सगळ्या भाऊबंदांचं मुंडण झालं, तिथून ही भानगड सुरू झाली. बाकीच्यांच्या डोक्यांना काही झालं नाही. हर्षलचे केस दाट आणि कुरळे. वस्तरा फिरला आणि चार दिवसांत डोकं खाजायला लागलं, पुळ्या आल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण डॉक्टर झाला. कोणी हळद सांगितली, कोणी तुरटी, कोणी दही. एका मावशीने तर बसल्या बसल्या खोबरेल थापलं. पुळ्या त्यावर आणखी फोफावल्या.

पण खरं सांगायचं तर त्या पुळ्यांनीच घर वाचवलं होतं. रामराव गेले आणि सरस्वतीबाईंनी कोपरा धरला. भिंतीकडे तोंड, ताटातली भाकर ताटात. सगळे समजावून थकले. हर्षल तर कामातच बुडालेला. लाकडं त्याने रचली, मंडप त्याने बघितला, आलेल्या माणसांचा चहा त्याने केला. पोरगा खंबीर आहे, असं अख्खं जानेफळ म्हणालं. मग एके दिवशी तो डोकं खाजवत आईसमोरून गेला आणि त्या पहिल्यांदा बोलल्या, "काय झालं रे डोक्याले? इकडं ये." उठल्या, मागच्या अंगणातून कडुनिंबाचा पाला आणला, चूल पेटवली. त्या संध्याकाळी अर्धी भाकर खाल्ली. समीक्षाने पदराने डोळे पुसले होते.

आता मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. पुळ्या हटेनात. शेवटी तिने त्याला ओढतच मेहकरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोकं बघितलं आणि म्हणाल्या, "केस कुरळे आहेत, कापले की वळून पुन्हा कातडीत शिरतात. आता वस्तरा लावायचा नाही. वाढू द्या. तेल नको, हळद नको, पाला नको. साध्या पाण्याने धुवा आणि हे मलम लावा." समीक्षाने घरी येऊन शब्द न् शब्द सासूला सांगितला. सासूबाईंनी ऐकून घेतलं. संध्याकाळी पुन्हा तांब्या, पुन्हा फडकं, पुन्हा "डोये मीट."

आणि आज सकाळी ती वैरण आणायला गोठ्यात गेली, तर गाईच्या आडोशाला हर्षल मोटारसायकलच्या आरशात बघून कोरड्या डोक्यावर वस्तरा फिरवत होता. मानेवर रक्ताचा ओघळ आला होता.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"हळू बोल." त्याने वस्तरा मागे लपवला. मग खाली बघत म्हणाला, "डोकं बरं झालं तं माय परत कोपऱ्यात जाऊन बसन. तुले तेच पाह्यजे काय?"

ती वैरण न घेताच घरात आली. राग आला, कीवही आली. दिवसभर पोळ्या करपल्या, दूध उतू गेलं. सांगावं तर सासूबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. न सांगावं तर नवऱ्याचं डोकं सडेल, ताप डोक्यात जाईल. अंधारून येईपर्यंत तिचं ठरलं.

ओसरीत नेहमीचं चाललं होतं. हर्षलच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "लय झोंबते वं माय," तो म्हणाला. "झोंबू दे," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि पदराने त्याचे गाल पुसले. थोड्या वेळाने तो उठला आणि गाय पिळायला गेला. समीक्षा सासूजवळ येऊन बसली.

"आई, ते गोठ्यात लपून वस्तरा लावतात. म्हणून बरं होत नाही."

"माहीत हाय मले," सरस्वतीबाई फडकं पिळत म्हणाल्या. "रोज हात फिरते डोक्यावर. खुंट हाताले लागत नाही, मंग काय समजत नाही?"

समीक्षा चिडलीच. "मग बोलल्या काऊन नाही? अन् डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या तरी हा पाला..."

सरस्वतीबाईंनी तिला हाताने थांबवलं. "वस्तरा उद्या तूच फेकून दे. म्या काही आता कोपऱ्यात बसत नाही, सांग त्याले. केस वाढले तरी डोकं मांडीवर घेता येते." त्या गोठ्याकडे बघत राहिल्या. दुधाची धार भांड्यात पडत होती. "बाप गेला तवा टिपूस नाही काढलं त्यानं. लोकायच्या चहाचंच पाहत राह्यला. घरात मन मोकयं कराले त्याले ही एकच जागा हाय, बाई."

त्यांनी उरलेल्या पाण्याचा तांब्या समीक्षाच्या नाकाशी धरला. कडू वास कुठेच नव्हता.

"तुह्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं त्या दिवसापासून निस्तं पाणी हाय ते."