अकरा एकतीसचा फोन

"अकरा वीसला धोक्याचा भोंगा झाला आणि गोडाऊनला तुम्ही फोन लावलात अकरा एकतीसला. अकरा मिनिटं काय करत होतात?"

चौकशी अधिकारी मनाली मॅडमनी आवाज जराही चढवला नव्हता. त्यामुळेच कुंदा जास्त घाबरली.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत कुंदा एकोणीस वर्षं फोनच्या बोर्डावर बसत होती. भोंगा झाला की आधी गोडाऊनला फोन करायचा आणि आतल्या माणसाला बाहेर काढायचं, हे तिचं काम. गेल्या मंगळवारी आग लागली तेव्हा आत एकटा सदू होता. जिवंत निघाला बिचारा, पण दोन्ही हात भाजले, आणि आठवडा झाला तरी तोंडातून शब्द नव्हता.

"मॅडम, भोंगा ऐकल्याबरोबर मी फोन केला. देवाशप्पथ! रिंग वाजत राहिली, कुणी उचललाच नाही."

"मशीन तसं म्हणत नाही."

मशीन म्हणजे फोनची नवी यंत्रणा. कुणी कुणाला फोन केला, कधी केला, किती वेळ बोलला, सगळं टिपून ठेवायची. दोन महिन्यांपूर्वी उल्हासनगरच्या मुकेशने ती बसवली, तेव्हा त्याच्याजवळ कुंदाच होती. कुठला नंबर कुणाच्या टेबलाचा, आज तारीख काय, किती वाजले, तो विचारत गेला आणि ही हौसेने सांगत गेली. आता तेच मेलं तिच्या मुळावर उठलं होतं.

समोर कंपनीचे मालक शरदचंद्र साहेब बसले होते. साहेबांना वेळेचं भारी वेड. कुणी उशिरा येऊ नये म्हणून कंपनीतली भिंतीवरची झाडून सगळी घड्याळं त्यांनी दहा मिनिटं पुढे ठेवली होती. नवीन माणूस आठवडाभर त्यावर हसायचा. जुन्यांच्या ते ध्यानातही राहिलं नव्हतं.

"गोडाऊनमधल्या कॅमेऱ्याचीच वेळ चुकली नसेल ना?" कुंदाने चाचरत विचारलं.

"ती इंटरनेटवरून येते, मी स्वतः तपासलीय. अकरा एकोणीसपर्यंत सदू निवांत पेट्यांना लेबलं लावतोय. अकरा वीसला मागच्या रॅकखालून धूर, आणि लगेच भोंगा. पुढे नुसता काळोख."

शरदचंद्र साहेबांनी सुस्कारा सोडला. "बाईंवर आरोप करायला मला बरं वाटतं का, मॅडम? इतक्या वर्षांची माणसं. पण मशीनच्या यादीतली माझी ओळ बघा ना, हिच्या वरचीच. अकरा सव्वीस. भोंगा ऐकून मी धावत खाली गेलो, आग डोळ्यांनी बघितली, परत केबिनमध्ये आलो आणि विम्याच्या एजंटला कळवलं. मी हार्ट पेशंट माणूस, मला सव्वीसला जमतं. आणि जिचं कामच ते, तिला एकतीस वाजतात?"

मनाली मॅडमनी फायलीतला एजंटचा जबाब काढला. शरदचंद्रांचा फोन आला, 'गोडाऊन पेटलंय' म्हणाले. साधारण साडेअकरा झाले असतील, नक्की मिनिट आठवत नाही. खाली सही.

आता कुंदाला स्वतःचाच भरवसा वाटेना. चहा घेत बसले होते का मी? कुणाशी बोलत होते का? नोकरी जाईल तर जाऊ दे, पोलीस केसही होऊ दे. पण त्या पोराचे हात माझ्यामुळे गेले असतील, तर मी त्याच्या आईला तोंड कसं दाखवू?

तेवढ्यात शेजारच्या बोर्डावरचा फोन खणाणला. चौकशी असली म्हणून कंपनीचे फोन थांबत नाहीत. छोट्या पडद्यावर नंबर उमटला, आणि तो तिने लगेच ओळखला. सखूचा होता, सदूच्या आईचा, हॉस्पिटलमधून.

"कुंदाताय, सदूनी आज चाय मांगली गो! तुला सांगल्याशिवाय रावला नाय मना."

"बरं झालं गं सखू," एवढंच कुंदा कसंबसं म्हणाली. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून फोन ठेवल्यावरही ती पडद्याकडेच बघत राहिली. सखूचा नंबर अजून तिथेच होता. खाली वेळ होती, चार वाजून तीन मिनिटं.

शेजारी मनाली मॅडमचा मोबाइल पडला होता. त्यात तीन त्रेपन्न.

कुंदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून तीन.

"अगं बाई!" ती ताडकन उठली. "मॅडम, मशीन पुढे आहे! दहा मिनिटं पुढे! मुकेशने विचारलं होतं, 'ताई, टाइम कितना डालूँ?' आणि मी मेलीने ह्या भिंतीवरचं बघून सांगितलं!"

मनाली मॅडमनी मोबाइल उचलून पडद्याशेजारी धरला. मग घड्याळाकडे पाहिलं. मग यादीतल्या कुंदाच्या ओळीवर पेन टेकवलं.

"अकरा एकतीसमधून दहा गेले. अकरा एकवीस. भोंग्यानंतर एका मिनिटात." पहिल्यांदाच त्या जराशा हसल्या. "बसा कुंदाताई. तुमची काही चूक नाही."

कुंदा बसली आणि पदर तोंडाला लावून लहान मुलीसारखी रडली. आठवडाभर घशाखाली घास उतरला नव्हता.

"चला, सुटलो एकदाचे!" शरदचंद्र साहेब मोठ्याने म्हणाले. "मी सांगतच होतो, बाई प्रामाणिक आहे. आता फाइल मिटवा मॅडम, चहा मागवतो."

मनाली मॅडमनी फाइल मिटवली नाही. त्यांचं पेन एक ओळ वर सरकलं. सव्वीस खोडून त्यांनी शेजारी सोळा लिहिलं आणि कागद साहेबांच्या पुढे फिरवला.

"अकरा सोळाला सदू लेबलं लावत होता, साहेब. तेव्हा पेटलं काय होतं?"