पंख्याकडे बघणारा मुलगा

हातात पोह्यांची बशी होती आणि मी पंख्याकडे बघत होतो. मान मागे ओढली गेली होती, डोळे वर गेले होते, खाली येईनात.

"मुलगा जरा शिष्ट वाटतो," मुलीचे काका म्हणाले.

"लाजतोय हो," माझी आत्या म्हणाली.

मुलगी डॉक्टर होती. तिने चहाचा ट्रे ठेवला. "उलटीची गोळी घेतलीत? कुणाची?"

"घाटात मळमळलं. आत्यानं तिची दिली." जबडा आवळल्यामुळे सांगायला वेळ लागला.

"त्या गोळीनंच मान आखडलीये," म्हणत तिनेच गाडी काढली.

दवाखान्यात इंजेक्शननंतर मान सरळ झाली आणि मला मुलगी पहिल्यांदा दिसली.

"पसंत," मी म्हणालो.

तिने सोबत आलेल्या आत्यापुढे हात केला. "आधी पर्समधल्या उरलेल्या गोळ्या द्या. मग बघू."